उंडीखालचं थडगं

बोटीवरच्या सगळ्या बायका रडत होत्या. हिसानो तेवढी रडत नव्हती. चोवीस वर्षांनी चिचिजिमा बेटाचे डोंगर दिसले होते, शेजारची बाई कठड्याला कपाळ टेकून हुंदके देत होती, आणि हिसानो मान उंच करून धक्क्यावरच्या गर्दीत आपली धाकटी बहीण शोधत होती. मियो म्हातारी झाली का, एवढंच तिला आधी बघायचं होतं.

झाली नव्हती. धक्क्याच्या टोकाशी ती उभी होती. उन्हाने रापलेली, पायात रबरी सपाता, आणि पाठ अजून ताठ. हिसानो बावन्न वर्षांची. मुख्य भूमीवर कावागुचीच्या लोखंडाच्या ओतशाळांच्या धुराने तिची छाती आणि तिथल्या थंडीने गुडघे केव्हाच निकामी केले होते. मियो तिच्याहून तीनच वर्षांनी लहान, पण कुणी लेक म्हटलं असतं तर लोकांना पटलं असतं. दोन दिवस बोटीवर ओकून ओकून हिसानोच्या पोटात काही उरलं नव्हतं, तरी पोटात काहीतरी दुखायला लागलंच.

हे दुखणं जुनं होतं. चव्वेचाळीस साली लढाई जवळ आली तेव्हा सैन्याने बेटावरच्या बायकापोरांना बोटीत कोंबून जपानच्या मुख्य भूमीवर नेऊन सोडलं. तेव्हा दोघी बहिणी एकाच बोटीत होत्या, एकाच घोंगडीखाली. वर्षाने लढाई संपली, बेट अमेरिकनांच्या ताब्यात गेलं, आणि आणखी वर्षाने त्यांनी ठरवलं की ज्यांचे खापरपणजे व्हेलच्या शिकारी जहाजांतून येऊन या बेटावर राहिले, तेवढ्यांनी आपापल्या बायकापोरांसह परत यावं. बाकी जपानी माणसांनी, म्हणजे जवळजवळ सात हजारांनी, होते तिथेच राहावं. मियोचा नवरा इसाकु त्या व्हेलवाल्यांपैकी. घराण्याचं नाव सिल्वा, डोळे पिंगट. मियो दोन वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन परत गेली. हिसानो राहिली.

आणि यातलं सगळ्यात जळजळीत असं, की इसाकुचं स्थळ आधी हिसानोलाच आलं होतं. तिने नाक मुरडलं होतं. "पिंगट डोळ्यांचा नवरा म्हणजे अंधारात बोका बसल्यासारखा दिसायचा," असं ती मध्यस्थ बाईला म्हणाली होती आणि सगळं ओमुरा गाव आठवडाभर हसलं होतं. मग तिने काळ्या डोळ्यांच्या तोकुजीशी लग्न केलं. तो भोपळ्याची शेती करायचा. आता ओतशाळेत साचे भरत होता आणि रात्रभर खोकत होता.

बावीस वर्षं हिसानोने काय केलं नाही? बेट परत द्या म्हणून सह्या गोळा केल्या, कपाळाला पट्टी बांधून मोर्चात चालली, मंत्र्यांच्या गाड्या आडवल्या. तिकडे मुत्सद्दी एकमेकांना चहा पाजत बसले. अखेर एप्रिलमध्ये करारावर सह्या झाल्या, आणि जूनच्या सव्वीस तारखेला बेट परत मिळणार असं ठरलं. समारंभाच्या बोटीत जागा मिळावी म्हणून हिसानोने यादी करणाऱ्या कचेरीतल्या कारकुनाचं डोकं खाल्लं. जागा मिळाली, पण चार दिवसांची. राहायला परत यायचं तर अर्ज करा, म्हणाले. घरं नाहीत, पाणी नाही, शेतं रानात गेलीत, आमची योजना होऊ द्या. म्हणजे बेट परत मिळालं होतं, पण हिसानोला नाही.

"ताई!" मियोने तिला मिठी मारली. हिसानोने मिठीत मोजून तीन वेळा तिची पाठ थोपटली.

"जाड झालीस," ती म्हणाली. हे खोटं होतं.

समारंभ दुपारी झाला. एक झेंडा उतरला, एक चढला, बँड वाजला. बोटीतून आलेल्यांनी हात वर करून 'बान्झाय' असा जयघोष केला. मियो आणि तिच्यासारखे दीडदोनशे बेटावरचे लोक दुसऱ्या बाजूला उभे होते. त्यांनीही हात वर केले, पण अर्धेच. अमेरिकन नौदलाची शेवटची माणसं बोटीकडे निघाली तेव्हा मियोची मुलगी ग्रेस मोठ्याने रडायला लागली. तिच्या मैत्रिणीही रडायला लागल्या.

"ही कशाला रडते?" हिसानोने विचारलं. "आपलं बेट परत मिळालं ना?"

"तिचं कधी गेलंच नव्हतं ग," मियो म्हणाली.

संध्याकाळी मियोच्या घरी कासवाचं कालवण होतं. खाली आगटीवर मोठी कढई, वर आल्याचा वास. चोवीस वर्षांत हिसानोने हे चाखलं नव्हतं. कावागुचीत एकदा कुणीतरी तिला विचारलं होतं, तुम्ही कासव खाता? आणि तिने मान खाली घालून नाही म्हटलं होतं. आता पहिला घास तोंडात गेला आणि डोळे भरून आले. ते मियोला दिसू नयेत म्हणून ती बोलायला लागली.

"एवढा घाट कशाला घातलास? मी काय पाहुणी आहे?"

"पाहुणीच की! शनिवारी चाललीस ना?" मियोने सहज म्हटलं आणि तिच्या वाडग्यात अजून एक पळी ओतली.

सहज म्हटलेलं असतं तेच लागतं. हिसानोने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"मी आईला न्यायला आलेय," ती म्हणाली.

 ग्रेसला यातली आई म्हणजे कोण ते कळलं नाही की नेणं कळलं नाही, कोण जाणे. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कुठे न्यायला?" मियोने विचारलं.

"कावागुचीला. देवळामागे जागा घेतलीय. अस्थी ठेवायला बरणी आणलीय, पांढरं कापड आणलंय, भटजींना विचारून आलेय. मी थोरली. आईच्या नावाची देव्हाऱ्यातली पाटी माझ्याकडे आहे. रोज सकाळी तिच्यापुढे भात मी ठेवते. मग आईनेही तिथेच असायला हवं."

"पाटी तुझ्याकडे, आई माझ्याकडे. असंच ठरलं होतं ना आपलं?"

"कुणी ठरवलं होतं? मी की अमेरिकनांनी?"

मियोचा चेहरा तांबडा झाला. "तुला काय वाटतं ग, मी इथे मजा मारली? आमची शेतं सोडायला लावली, सगळ्यांना या एका गावात आणून बसवलं. ह्यांची बर्फाच्या कारखान्यातली नोकरी काल संपली. माझी ग्रेस, तेवीस वर्षांची घोडी, स्वतःचं नाव जपानी लिपीत लिहिता येत नाही तिला. उद्यापासून पहिलीचं पुस्तक घेऊन बसणार आहे. तुझा केन्जी वर्तमानपत्र वाचतो, कचेरीत बसतो. मी कधी म्हटलं, तुझा केन्जी मला दे?"

हिसानोला हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही. मियोलाही आपला हेवा वाटतो, ही गोष्ट तिला बावीस वर्षांत कुणी पत्रातून कळवली नव्हती. पण ते बरं वाटणं एका घासापुरतंच टिकलं. केन्जीला ती बेटावर चल म्हणाली होती. त्यावर तो म्हणाला होता, "आई, माझं काय आहे तिथे?" असा मुलगा मियोने मागितला तरी तिच्या काय उपयोगाचा?

"तू बावीस वर्षं आईपाशी राहिलीस," हिसानो म्हणाली. "रोज गेलीस, पाणी घातलंस, फुलं ठेवलीस. पत्रात लिहायचीस ना, आज आईकडे गेले, आज आईचं गवत काढलं. मी ती पत्रं वाचायची आणि चुलीत घालायची. आता माझी पाळी."

इसाकु इतका वेळ गप्प होता. केस पांढरे झाले होते, डोळे होते तसेच पिंगट. "नेऊ दे त्यांना, मियो," तो म्हणाला. "हिसानोताई, उद्या सकाळी आपण तिघं जाऊ. मी फावडं घेतो."

त्याने आपली बाजू घेतली हे हिसानोला आवडायला हवं होतं. तिचा उलट तिळपापड झाला. एवढा समजूतदार माणूस मियोला मिळाला होता, आणि तोही आपण नको म्हटलं म्हणून.

सकाळी तिघं चढण चढून वर गेली. वाटेच्या दोन्ही बाजूंना सुबाभूळ माजली होती. याच उतारावर तोकुजीच्या भोपळ्याचे वेल असायचे. हिसानोने तिकडे बघितलं नाही. तिच्या छातीला बरणीचं गाठोडं होतं आणि चढणीने तिला धाप लागली होती. मियो पुढे चालत होती, हातात पाण्याची बादली, एक थेंब न सांडता.

"आलं," मियो म्हणाली.

उंच, सरळ खोडाचं उंडीचं झाड होतं. खाली झाडून लख्ख केलेली जागा, कडेने पांढरी पोवळी लावलेली, डोक्याशी समुद्रातून आणलेला गोल दगड. समोर एका काचेच्या पेल्यात जास्वंद. एवढं निगुतीनं राखलेलं थडगं हिसानोने कावागुचीच्या देवळातसुद्धा बघितलं नव्हतं. ती बघतच राहिली. आणि मग तिने भोवतीचा उतार न्याहाळला. ही जागा ती नव्हती.

चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये आई गेली. मियो तेव्हा पोटुशी होती, आणि पोटुशी बाईने मातीला जायचं नाही हा बेटावरचा रिवाज. म्हणून मियो घरी राहिली आणि हिसानो गेली. इसाकुला सैन्याने कामावरून सोडलं नव्हतं. तेव्हा इथे उंडीची दोन झाडं होती. एक हे, वरचं, सरळ. दुसरं खाली, उताराच्या टोकाला, वाकडं, दुभंगलेल्या खोडाचं. आईची पेटी खाली नेताना तोकुजीचा पाय घसरला होता आणि हिसानो किंचाळली होती. त्या वाकड्या झाडाखाली आईला ठेवलं. तिथून बंदरातल्या डोलकाठ्या दिसायच्या. दगड वर्षानंतर बसवायचा असतो, म्हणून तेवढी लाकडी खूण रोवली. तिसऱ्या महिन्यात सगळ्यांना बोटीत घातलं. मियो पुरती अवघडलेली, रडत होती. "आई कुठे आहे ते तरी सांग ना ताई," ती म्हणाली होती. हिसानोने तिला दोन शब्दांत सांगितलं होतं, उंडीखाली.

मियो परतली तेव्हा एकच उंडी उरली होती. लाकडी खुणा सैनिकांनी सरपणाला नेल्या होत्या. तिला या उंडीखाली एक उंचवटा दिसला आणि तिने तो आईचा मानला. बावीस वर्षं ती कुणा परक्याच्या डोक्यावर पाणी घालत होती.

हिसानोने तोंड मिटून घेतलं. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला, अगदी पोटातून. लहानपणी मियोच्या वाटणीची गुळाची ढेप चोरून खाल्ली होती, तसा. एवढी जास्वंद, एवढी पोवळी, एवढी पत्रं, आणि आई तिथे नाहीच! आई कुठे आहे ते जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे. बेट हिचं, घर हिचं, नवरा हिचा, पण हे एक आपलं.

पण इसाकुने फावडं खांद्यावरून उतरवलं. आता काय करायचं? गप्प बसलं तर परक्याची हाडं कावागुचीला न्यावी लागतील आणि रोज सकाळी त्यांच्यापुढे भात ठेवावा लागेल. आज नको, मन बदललं, असंही म्हणता आलं असतं. तसं म्हटलं असतं तर सगळंच झाकलं गेलं असतं. हिसानो तेच म्हणणार होती. तिने तोंड उघडलंसुद्धा होतं.

तेवढ्यात मियोने गुडघे टेकले आणि त्या गोल दगडावर हात ठेवला.

"आई," ती म्हणाली, "ताई तुला न्यायला आलीय. माझ्यावर रागावू नकोस. तू कधी रागावत नाहीसच म्हणा." मग मागे वळून तिने डोळे पुसले. "तुला सांगते ताई, पहिल्या वर्षी मी रोज इथे येऊन रडायची. मातीला आले नाही म्हणून. मग एक दिवस आई बोलली माझ्याशी. अगदी स्पष्ट. म्हणाली, पोरी, तू पोटातल्या बाळाला सांभाळत होतीस, मला ठाऊक आहे. तेव्हापासून ती बोलते. तुझ्याशी पाटीसमोर बोलते का ग?"

बोलत नव्हती. बावीस वर्षं रोज भात ठेवून एक अक्षर बोलली नव्हती.

"ती इथे नाहीच!" हिसानो ओरडली. "कोण बोलतं तुझ्याशी? हा कोण आहे देव जाणे! बावीस वर्षं परक्याची पूजा करतेयस बावळट!"

मियो हलली नाही. इसाकुने फावडं जमिनीत रोवलं आणि त्याला धरून उभा राहिला.

"दोन उंडी होत्या," हिसानो म्हणाली. आता थांबता येत नव्हतं. "आई खालच्या उंडीखाली आहे. वाकड्या. मी होते ना तिथे, मी माती टाकली, तू नव्हतीस!"

"पण तू उंडीखाली म्हणालीस," मियो हळूच म्हणाली.

"मला काय माहीत ते झाड तोडतील!"

 मग मियोने दगडावरचा हात काढून घेतला, पण एकदम नाही. आधी त्यावरचं एक पान उचललं.

"मग हे कोण?" तिने नवऱ्याला विचारलं.

"असेल कुणीतरी," इसाकु म्हणाला. "ज्याला पाणी घालायला कुणी नव्हतं, असा."

"कुठे आहे आई?" मियो उभी राहिली. "दाखव."

हिसानो पुढे झाली. उतार तिच्या पायांना आठवत होता. इथे तोकुजी घसरला, इथे भटजी थांबले. झाडी बाजूला सारून ती टोकाला आली आणि थबकली. समोर काँक्रीटचा मोठा चौथरा होता, खोलीएवढा, जुना, काळवंडलेला. त्यावर बांबूच्या जाळ्यांवर चिरलेले मासे वाळत घातले होते. एका कडेला बसायचा पाट, पाण्याचा डबा, सुरी. खाली बंदर दिसत होतं. वाऱ्याने डोलकाठ्यांच्या दोऱ्या वाजत होत्या.

"हीच जागा," ती म्हणाली. "पण हे काय?"

"तोफेसाठी ओतलं सैन्यानं, तुम्ही गेलात त्याच उन्हाळ्यात," इसाकु म्हणाला. "कमरेएवढं जाड आहे. नौदलाने दोनदा सुरुंग लावून बघितला. कोपरासुद्धा उडाला नाही. आता मियो इथे मासे सुकवते." त्याने हिसानोच्या छातीशी धरलेल्या गाठोड्याकडे बघितलं आणि नजर वळवली. "ताई, ही नाही निघायची."

हिसानोला ते कळत होतं. कळायला वेळ लागला नाही, पण तिचं लक्ष मियोकडे होतं. आता ती फुटेल. आईच्या छातीवर मासे चिरले, आईच्या तोंडावर मीठ सांडलं, म्हणून ऊर बडवेल. हिसानो वाट बघत होती. तिला ते बघायचं होतं, खोटं कशाला बोला.

मियो चौथऱ्यावर चढली. माशांची एक जाळी उचलून तिने बाजूला ठेवली, मग दुसरी. मग मोकळ्या जागेत बसली आणि दोन्ही तळवे काँक्रीटवर टेकले. सकाळच्या उन्हाने ते तापलेलं होतं.

"इथे?" ती म्हणाली. "नक्की इथे?"

"नक्की."

"ताई, वरती मी आठवड्यातून एकदा जायचे ग. पत्रात वाढवून लिहायचे, तुला बरं वाटावं म्हणून." तिच्या तोंडावर काहीतरी उजळत चाललं होतं, आणि हिसानोला ते थांबवता येत नव्हतं. "पण इथे तर मी रोज असते. रोज! ऊन असलं की इथेच. ग्रेसच्या वेण्या मी इथे घातल्या. तुझी पत्रं इथे बसून वाचली. मोठ्याने वाचायचे, सवय आहे मला. म्हणजे आईने ऐकली असतील सगळी, तुझी पत्रं." ती रडत होती आणि हसत होती. "देवा रे! बावीस वर्षं मी तिच्या मांडीवरच बसले होते की!"

 हे ऐकायला का ती दोन दिवस ओकत आली होती? आईला हिच्यापासून तोडायला तिने तोंड उघडलं आणि उरलीसुरली आईसुद्धा उचलून हिच्याच पदरात घातली. आठवड्याचा एक दिवस होता, त्याचे आठवड्याचे सात करून दिले. गप्प बसली असती तर एवढी जागा तरी तिची एकटीची राहिली असती. कावागुचीच्या थंडीत रात्री डोळे मिटून तिला तिथे जाता आलं असतं, आणि मियोला ठाऊकही झालं नसतं. आता शनिवारी ती बोटीत बसेल आणि रविवारी सकाळी मियो इथे येईल.

"ये ना ताई," मियोने बाजूची जागा थोपटली. "बस इथे."

हिसानो बसली नाही.

"बरं, एवढं सांग," मियो पुढे झुकून म्हणाली, डोळे पुसत, लहानपणी काही मागताना व्हायचं तसं तोंड करून. "डोकं कुठल्या बाजूला आहे ग आईचं?"

हिसानोला खोटं बोलता आलं असतं. तिला आठवत नाही असं म्हणता आलं असतं. पण तिचा हात आधीच उठला होता आणि बोट नेमक्या जागेवर गेलं होतं, समुद्राकडच्या कोपऱ्यापासून दोन हात अलीकडे.

मियो सरकून त्या बाजूला गेली आणि तिथे हात ठेवून बसली.